खडू न लागलेले दहा नट

त्या शनिवारी दुपारी आम्ही दोघं नवरा-बायको बापूरावांच्या गाडीच्या पुढच्या चाकाशी बसलो होतो. मी जॅकपाशी, ती चाकापाशी. ती नट बोटांनी फिरवत होती आणि फेरे मोजत होती. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्याला नट थांबला. तिनं हात काढला, मनगटानं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाली, "जुन्या रिमंला आठ व्हतं."

मी म्हणालो, "पाच पुरत्यात. तू जा, च्या टाक."

ती गेली. मी पुढच्या दोन्ही चाकांचे दहाही नट पान्यानं आवळले, गाडी जॅकवरून उतरवली. चहा उतू गेल्याचा वास आला. हाक मारली. आत जाऊन बघतो तर चुलीपाशी भिंतीला टेकून बसलेली. हात मांडीवर, बोटं वंगणानं काळी. ती गेलेली होती. ताप नाही, खोकला नाही, काही सांगणं नाही. आमचं शेवटचं बोलणं झालं ते एवढंच.

अंक काढणारे मास्तर माझ्याकडे दोनदा येऊन गेले. म्हणाले, तात्या, मोटारीच्या धंद्यातल्या गमती लिहा, लोकांना आवडतं. मी मराठी दुसरी शिकलेला माणूस. गमती फार नाहीत. चाकं बसवण्याचं काम केलं, ते कसं करायचं ते सांगतो. त्यात ती येणारच. तिला वगळून सांगायला बसलो तर दोन ओळींत संपेल.

तिचं नाव सोना. इंदापूरकडच्या सुताराची मुलगी. तिच्या माहेरी बैलगाडीची चाकं होत, आमच्याकडे त्यांना लोखंडी धाव चढवत. बारामतीत इंदापूर रस्त्याला आमची पत्र्याची शेड आहे. आधी बैलगाडीचीच चाकं होती. मग कालव्याच्या पाण्यावर ऊस झाला, गूळ झाला, आणि बागाईतदार पुण्या-मुंबईहून जुन्या मोटारी आणायला लागले. तिसऱ्या-चौथ्या हातच्या गाड्या. साहेब लोक विलायतेला गेले, गाड्या इथं राहिल्या. त्यांचं सामान मिळायचं बंद झालं आणि रस्ते मात्र आपलेच. बैलगाडीच्या चाकोरीत मोटारीचं चाक पडलं की रिमेची कड वाकते. पाटाच्या चिखलात उभी राहिली की आतून गंजते. गंजलेली कड ट्यूब कापते. मग माणूस माझ्याकडे येतो आणि म्हणतो, रीम बदला.

बदला म्हणायला सोपं आहे. लोकांना वाटतं चाक म्हणजे चाक. लढाई संपल्यावर लष्कराच्या मोडीतल्या रिमांचे पुण्याच्या जुन्या बाजारात ढीग लागले होते. सणसरचे एक बागाईतदार तिथून चार रिमा उचलून घेऊन आले. स्वस्त मिळाल्या म्हणून घेतल्या. एका रिमेच्या पाच भोकांपैकी चार बोल्टावर आली, पाचवं अर्धं बोट बाजूला. ते म्हणाले, घण घाला, बसंल. मी नाही म्हणालो. मग म्हणाले, "आवं, चार बसलं की. पाचवा कशाला पायजे?"

सोना आतून म्हणाली, "पाव्हनं, तुमच्या खाटंचा एक पाय काढून ठिवा. तीन ऱ्हात्याल की."

ते रागावून निघून गेले. आठ दिवसांनी आले. कानशीनं भोक वाढवून दुसऱ्या कुणीतरी बसवून दिलं होतं आणि चाक दारू प्यायल्यासारखं डुलत होतं. पुन्हा आम्हीच काढलं.

त्याच्यानंतर सोनानं एक युक्ती काढली. चार बोल्टांची गाडी असली तर समोरासमोर पट्टी धरून मोजता येतं. पाच बोल्टांना समोर कुणीच नसतं, मोजायचं कशाला धरून? ती तव्याची काजळी तेलात कालवायची, बोल्टांच्या टोकांना लावायची, मधल्या तुंब्याच्या, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या गोलाच्या, कडेलाही लावायची, आणि किराणा दुकानातला जाड कागद त्याच्यावर दाबायची. पाच काळे ठिपके आणि मध्ये एक गोल. तो कागद गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि सांगायचं, पुण्याला जा, रिमेवर हा धरा, ठिपका भोकात दिसला तर घ्या, नाही तर हात लावू नका. मधला गोलही बघा. रिमेचं मधलं भोक मोठं असलं तर चाक तुंब्यावर न बसता बोल्टांवर लटकतं. बोल्ट आवळायला असतात, ओझं उचलायला नसतात. इंग्रजी शिकलेले लोकसुद्धा तो कागद घेऊन जात. एकानं विचारलं, ही पद्धत कुठली? मी म्हणालो, आमची. तिची म्हणायला पाहिजे होतं.

ठिपके जुळले म्हणजे काम झालं असंही नाही. रीम म्हणजे दोन वस्तू. बाहेरचं कडं, ज्यात टायर बसतं. आणि मधली थाळी, जिच्यातून बोल्ट जातात. ही थाळी कड्याच्या अगदी मध्ये नसते, कुठल्या गाडीला आत, कुठल्या गाडीला बाहेर. त्याला मी रिमेचं पोट म्हणतो. पोट चुकलं की चाक एक तर बाहेर येऊन मडगारला घासतं, नाही तर आत जाऊन स्टेरिंगच्या दांड्याला. आणि हे जॅकवर कळत नाही. जॅकवर सगळ्या गाड्या शहाण्या असतात. ओझं पडलं आणि चाक पुरतं वळवलं म्हणजे कळतं.

म्हणून आम्ही मडगारच्या आतून आणि दांड्याला खडू फासायचो आणि शेजारच्या अडतीतून गुळाच्या ढेपा मागून आणून मागच्या बाकावर ठेवायचो. पाच-सहा ढेपा. मग मी स्टेरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचो आणि ती खाली वाकून टायर बघायची. टायरला पांढरं लागलं की रीम नापास. एका डॉक्टरांनी गाडीला मुंग्या का लागल्या म्हणून विचारलं तेव्हा मला तोंड वर करून बघायची लाज वाटली. पुढं ढेपांखाली गोणपाट घालायला लागलो. बाजाराच्या दिवशी ढेपा मिळाल्या नाहीत तर बाजारकऱ्यांना बसवायचो. फुकट मोटारीत बसायला मिळतं म्हटल्यावर माणसांना तोटा नव्हता. गाडी जागची हलत नाही बघून एक म्हातारी म्हणाली, "तात्या, आमी अंथुर्ण्याला कवा पोचायचं?" सोना हसून हसून मडगारखाली आडवी झाली होती.

आता पळसदेवचं सांगतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पळसदेवला नानाराव म्हणून होते. जुनी मोठी गाडी होती, इंदापूरच्या बाजाराला माणसं ने-आण करायचे. त्यांनी पुढच्या दोन रिमा आणल्या. ठिपके जुळले, मधला गोल जुळला. पण पोट जास्त. टायर आत दांड्याला घासत होतं. नानाराव घाईत, दुसऱ्या दिवशी बाजार. मला एक सुचलं. बैलगाडीचं चाक एका अंगानं झिजलं की आम्ही डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे घालतो. आतलं अंग बाहेर येतं. तुंबा दोन्ही अंगांनी सारखा झिजतो आणि चाक आणखी दोन वर्षं जातं. लहानपणापासून हेच केलेलं. मी रीम पालथी केली. आतलं अंग बाहेर. पोट उलटं झालं, टायर दांड्यापासून लांब गेलं. माझं मलाच बरं वाटलं.

सोना बसून बघत होती. तिनं एक नट उचलला, त्याच्या तोंडावरून बोट फिरवलं. म्हणाली, "ह्याचं तोंड उतरतं हाय. भाईरच्या अंगाला ह्याच्यासाठी खळगा व्हता. ह्या अंगाला सपाट हाय. हे बसायचं कशात?"

मी म्हणालो, आवळलं की बसतं.

ती म्हणाली, "घागर चुंबळीवर बसती. चुंबळ काढून डोक्यावर ठिवली तर दोन पावलं जाईल."

मी तिला म्हणालो, तू चुलीकडं बघ. नानाराव तिथंच उभे होते. ती उठून गेली.

दोन बाजार झाले. तिसऱ्या बाजाराच्या दिवशी पळसदेवच्या अलीकडे भीमेकडे उतार लागतो तिथं डावं चाक निघून पुढं पळालं. गाडी एका अंगावर बाभळीत गेली. माणसं खरचटली, वाचली. नानारावांचा पाय गुडघ्यात मोडला. नट एकेक करून सैल होत गेले होते. सपाटीवर नुसत्या धारेवर उभे होते ते, हलणारच. रिमेची भोकं मी नंतर बघितली. गोल राहिली नव्हती, अंड्यासारखी झाली होती.

नानाराव चार महिन्यांनी काठी टेकत माझ्या शेडवर आले. मी उठून उभा राहिलो. ते बाकावर बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, "रस्ताच वंगाळ, तात्या. तुमी तरी काय करनार."

मी म्हणालो, "व्हय."

एवढाच शब्द. सोना दारात उभी होती, तिनं तो ऐकला. घरात गेल्यावर काही बोलेल म्हणून मी थांबलो. ती काही बोलली नाही, त्या दिवशीही नाही, पुढंही नाही. नानारावांनी गाडी विकली आणि काठी काही सुटली नाही. ते वारले तेव्हा मी पळसदेवला गेलो नाही. काय तोंड घेऊन जायचं?

पण तेव्हापासून सोनानं एक चालू केलं. रीम चढवली की मला पाना लावू द्यायची नाही. आधी ती एकेक नट हातानं फिरवायची आणि फेरे मोजायची. नट बोल्टावर किती आटे धरतो ते त्यातून कळतं. जुन्या रिमेचे फेरे आधी मोजून ठेवलेले असत. तिला आकडे लिहिता येत नव्हते, डोक्यात ठेवायची. नव्या रिमेला तेवढेच भरले तर नटावर खडूची एक रेघ ओढायची. मग मी आवळायचो. रेघ नाही तर आवळायचं नाही. असा काही करार झाला नव्हता. तसंच पडत गेलं.

आता बापूराव. अंथुर्ण्याचे. केळी, ऊस, भाजीपाला, सगळं. गाडी जुनी, पण माणूस मायाळू. त्यांची मुलगी माहेरी बाळंत झाली होती. सव्वा महिना झालेला, तिला आणि बाळाला इंदापूरला सासरी पोचवायचं होतं. दिवस रविवारचा धरला होता. जुन्या रिमा सडल्या होत्या. त्या काढल्याबरोबर त्यांनी घरी नेऊन आंघोळीच्या पाण्याच्या चुलीला हंडा टेकायला लावून टाकल्या, परत घालायचा प्रश्न नव्हता. नव्या चारी रिमा कागद धरून आणलेल्या. मागच्या दोन बरोबर बसल्या. सोनानं मोजलं, आठ फेरे, दहाच्या दहा नटांना खडू. पुढच्या दोन आत घासत होत्या. थोडंसंच. बोटाच्या पेरापेक्षा कमी.

पालथी घालायची चूक मी पुन्हा करणार नव्हतो. मी शहाणा झालो होतो. मी लोहाराकडून पाव इंच जाडीच्या दोन चकत्या कापून आणल्या, पाच भोकं पाडून, आणि तुंबा आणि रिमेच्या मध्ये घातल्या. रीम पाव इंच बाहेर आली. घासायची थांबली. ढेपा ठेवून बघितलं, टायर काळंच्या काळं. चकतीनं जागा दिली ती कुठून दिली, हे मी विचारलं नाही. बोल्टाच्या लांबीतून दिली. तिनं मोजलं तेव्हा पाच फेरे भरले. पुढचं मी सुरुवातीला सांगितलं आहे.

पाच पुरत्यात, मी म्हणालो. कशावरून म्हणालो? घाई होती म्हणून म्हणालो. आणि ती बोलली म्हणून म्हणालो. नानारावांच्या वेळेला जे ऐकलं नव्हतं ते इतक्या वर्षांनी तरी ऐकावं, तर तसं केलं नाही.

संध्याकाळच्या आत कऱ्हेच्या काठी सगळं उरकलं. बापूराव निरोप मिळाल्याबरोबर आले होते. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तात्या, गाडीची काळजी करू नगा. सकाळी पयल्या यष्टीनं शंकरला धाडतो, तो घिऊन जाईल. तुमी शेडवर येऊ पन नगा." मी मान हलवली. कशाला मान हलवतोय ते मला कळत नव्हतं. शंकर हा त्यांचा चालक.

आमच्याकडे माणूस गेलं की त्या जागी पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि पिठावर पाटी पालथी घालतात. सकाळी पाटी उचलून पिठावर काय उमटलं ते बघायचं. पावलं, पक्ष्याचे पाय, काय दिसेल त्यावरून गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते ठरवतात. आणि दहा दिवस सुतक. आमच्या घरात सुतकात हत्याराला हात लावत नाहीत. पाना, घण, वाकस, सगळं भिंतीला.

उजाडलं तेव्हा बायका चुलीपाशी जमल्या होत्या. थोरल्या वहिनींनी मला हाक मारली, या, पाटी उचलायचीय. मी उठलो आणि दारातून मला शेड दिसली. बापूरावांची गाडी उत्तरेला तोंड करून उभी होती. ऊन सरळ चाकांवर पडलं होतं. मागच्या चाकाच्या पाच नटांवर पाच पांढऱ्या रेघा. पुढच्या चाकाला एकही नाही.

मी पलीकडून फिरून बघितलं. तिकडंही तसंच. तिनं तोंडानं एकदा सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. ती भांडली नाही. तिनं फक्त खडू लावला नाही, आणि चहा टाकायला गेली.

मी भिंतीवरचा पाना काढला.

वहिनी दारात आल्या. म्हणाल्या, "आवं, काय करताय? काल माती झाली, आन् आज पाना?"

मी म्हणालो, तुम्ही पीठ बघा.

"लोक काय म्हंत्याल?"

 यष्टी यायला वेळ फार नव्हता. जॅक लावला. एरवी मी दांडा मारायचो आणि ती लाकडाचे ठोकळे सरकवायची. आता मीच दांडा मारायचा, मीच गुडघ्यावर येऊन ठोकळा सरकवायचा. पान्यानं नट सैल केला आणि पुढं बोटांनी काढायला लागलो. मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्याला नट हातात आला. दुसरा काढला. पाच. दहाही नट मी मोजूनच काढले. मोजायची गरज नव्हती.

दुसरं चाक उतरवत होतो तेव्हा शंकर आला. त्यानं टोपी काढली. गाडी पुढून ठोकळ्यांवर, चाकं भिंतीला टेकलेली, मी मातीत बसलेलो.  मग म्हणाला, "तात्या, आज ताईस्नी पोचवायचं व्हतं."

"यष्टीनं पोचवा. न्हाय तर चार दिस थांबा. ही गाडी जायाची न्हाय."

त्यानं वाकून बोल्ट बघितले, चकती बघितली, एक नट चढवून बघितला. चालक माणूस, त्याला थोडं कळत होतं. म्हणाला, "पाच फेरं घेतंय की. घट्ट बसतंय. इंदापुरापातुर काय व्हनार हाय?"

घरातून बायकांचा आवाज आला, पाटी उचलली होती. कुणी म्हणत होतं पाऊल आहे, कुणी म्हणत होतं काहीच नाही. मी तिकडं गेलो नाही.

"हिला आठ लागत्यात," मी म्हणालो, आणि त्याच्या हातातला नट घेऊन बाकीच्या नटांबरोबर, ती नट धुवायची त्या रॉकेलच्या डब्यात टाकला.